अवयवदान व देहदान : रत्नागिरी जिल्ह्यातील

मृत्यूनंतर शरीर अभ्यासासाठी देणे यास देहदान, तर रुग्णावर रोपण करण्यासाठी शरीराचा एखादा भाग देणे यास अवयवदान म्हणतात. ही दाने नाकारण्यामागे धर्मश्रद्धा असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रत्नागिरी जिल्ह्यापुरते पाहिल्यास अंतर, वेळ आणि अंत्यविधीची ओढ यांचा वाटाही तेवढाच मोठा दिसतो.

दधीची ऋषींनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्याची महाभारतातील कथा अवयवदानाच्या प्रचारात नेहमी सांगितली जाते. परंतु अंत्येष्टी ही देहाची शेवटची आहुती होय आणि आहुती अव्यंग असावी, ही भावना कथेपेक्षा बळकट ठरते. जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांत लवकर व देहाची विटंबना न होता दफन व्हावे, यास महत्त्व आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर अवयवरोपणास अनुमती दिली. तथापि भारतीय उलेमांत याविषयी मतैक्य नाही.

अंत्यविधीत सुधारणा स्वीकारणारा समाज देह देण्यासही तयार होतो, असे नाही. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणाऱ्या सावरकरांचे १९६६ मध्ये मुंबईत त्यांच्या इच्छेनुसार विद्युतदाहिनीत दहन झाले. रत्नागिरीत पतितपावन मंदिर (१९३१) बांधणारे भागोजी कीर यांनीच मुंबईत दादरची स्मशानभूमी उभारली. परमुलखात राबणाऱ्या माणसाला निदान अखेरचा विधी तरी मानाने लाभावा, ही जाणीव कोकणी मनात किती खोल आहे हे यावरून कळते.

कायद्याचा इतिहासही येथे आड आला. १९४९ च्या मुंबई राज्याच्या अधिनियमाने बेवारशी प्रेते शरीररचनेच्या अभ्यासासाठी वैद्यकीय संस्थांना देण्याची तरतूद झाली. त्यामुळे विच्छेदनाचे टेबल आणि बेवारशी मरण यांचे नाते लोकांच्या मनात पक्के झाले. नेत्रदानाबाबत तसे झाले नाही. त्यासाठी १९५७ मध्ये स्वतंत्र अधिनियम आला. शिवाय मृत्यूनंतर सु. सहा तासांच्या आत घरीच नेत्र काढता येतात, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्ययात्रा खोळंबत नाही. नेत्रदान त्या मानाने लवकर पचनी पडले ते यामुळेच. देहदानाची गोष्ट वेगळी. सावर्डे-डेरवण येथे २०१५ मध्ये आणि रत्नागिरी शहरात २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंत जिल्ह्यात असे महाविद्यालय नव्हते. मिरज, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावयाची, तीही पावसाळ्यात घाटातून, म्हटल्यावर इच्छापत्र कपाटातच राही.

मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला व महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. त्याने मस्तिष्कस्तंभ मृत्यूला मान्यता दिली. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून असा मृत्यू प्रमाणित करते; रोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. नातेवाइकांना मात्र कृत्रिम श्वसनाने हलणारी छाती दिसते आणि हात ऊबदार लागतो. मृताने हयातीत संमती लिहून ठेवलेली असली, तरी व्यवहारात आप्तांचा शब्दच अखेरचा ठरतो. अत्यवस्थ रुग्णाला बहुधा कोल्हापूर किंवा मुंबईस हलवितात. त्यामुळे हा निर्णय परक्या शहरात, रुग्णालयाच्या दारात, काही तासांत घ्यावा लागतो. गावाकडे माणसे प्रेताची वाट पाहत असतात. घाईने मृत ठरविले नाही ना, ही शंका अशा वेळी अज्ञानापोटीच येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अधिनियम झाला तोच मूत्रपिंडांच्या बाजारास आळा घालण्यासाठी. ज्या घरात मृताने हा विषय पूर्वी बोलून ठेवलेला असतो, तेथे होकार सोपा जातो.

जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत देशभर स्त्रियांचे, विशेषतः पत्नी व माता यांचे, प्रमाण अधिक आहे. त्यास सर्वस्वी स्वेच्छा म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

अवयव काढल्यानंतर देह शिवून आप्तांच्या स्वाधीन केला जातो आणि नेहमीप्रमाणे दहन वा दफन करता येते, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. देहदानात देह परत मिळत नाही, अशी अडचण राहते. तथापि देह हाती न लागल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करण्याचा विधी धर्मशास्त्राने सांगितलेला आहे. अंत्येष्टीचे असे तपशील धर्मशास्त्राच्या इतिहासात एकत्र करणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे हे याच जिल्ह्यात जन्मले होते.