न निघालेल्या सिनेमाची कादंबरी

'स्टार वॉर्स' हा सिनेमा अमेरिकेत लागला २५ मे १९७७ रोजी. त्याची कादंबरी मात्र बॅलंटाइन बुक्सने नोव्हेंबर १९७६ मध्येच बाजारात आणली होती. मुखपृष्ठावर लेखक म्हणून दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं नाव होतं. प्रत्यक्षात ती लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर या तिशीच्या उंबरठ्यावरच्या लेखकाने. पटकथेवरून कादंबरी बेतण्यात त्याचा हात बसलेला होता. 'स्टार ट्रेक'च्या कार्टून मालिकेवरची पुस्तकं त्याचीच. त्याच्याशी करार झाला तो दोन पुस्तकांचा. पहिल्यात सिनेमाची गोष्ट, दुसऱ्यात तिच्यापुढची. सिनेमा चालेल की पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाच पुढच्या गोष्टीची बेगमी झाली होती.

या दुसऱ्या पुस्तकाला एक विचित्र अट होती. सिनेमा बेताचाच चालला, तर त्याचा पुढचा भाग थोडक्या पैशांत काढता यावा आणि त्यासाठी ही कादंबरी उपयोगी पडावी. म्हणजे लेखकाने शब्द लिहायचे ते निर्मात्याच्या खिशाकडे बघून. फॉस्टरने शक्कल काढली. त्याने सगळं कथानक मिम्बान नावाच्या ग्रहावर नेलं आणि तो ग्रह कायमचा दाट धुक्यात बुडवून टाकला. धुकं असलं की मागे काय आहे ते दाखवावं लागत नाही! सुरुवातीला त्याने अवकाशातली एक लढाई लिहिली होती. ती चित्रित करायला महाग पडेल म्हणून लुकासने काढायला लावली. सिनेमातला हान सोलो तर कथेत नाहीच, कारण त्याचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डने पुढच्या सिनेमांसाठी करारच केलेला नव्हता. उरले नायक ल्यूक आणि नायिका लेया. दोघांत एकमेकांबद्दल ओढ असल्याचं फॉस्टरने मोकळेपणाने रंगवलं. ती दोघं भाऊबहीण निघणार हे १९८३ च्या सिनेमात उघड झालं. त्यानंतर ती पानं वाचणाऱ्याची जी पंचाईत होते, तिचा दोष बिचाऱ्या फॉस्टरकडे जात नाही.

'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' ही कादंबरी १९७८ मध्ये आली, तोवर पहिल्या सिनेमाने इतका पैसा ओढला होता की स्वस्तातल्या पुढच्या भागाची गरजच उरली नव्हती. १९८० चा दुसरा सिनेमा वेगळ्याच वाटेने गेला. जो सिनेमा कधी निघालाच नाही त्याची ही कादंबरी. आणि पुढे शेकड्यांनी आलेल्या कादंबऱ्यांचं मूळही तीच.

मधल्या काळात ब्रायन डेलीने हान सोलोवर आणि एल. नील स्मिथने लँडो कॅलरिसियनवर तीन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. मुख्य कथेला धक्का लागू नये म्हणून त्या पहिल्या सिनेमाच्या आधीच्या काळात नेऊन ठेवल्या होत्या. डेलीच्या आजही मजेत वाचता येतात. १९८३ मध्ये तिसरा सिनेमा आला आणि सगळं विझत गेलं. खेळणी खपेनात, मार्व्हलचं कॉमिक १९८६ मध्ये बंद पडलं. या पडत्या काळात हे विश्व जतन केलं ते एका खेळाने. वेस्ट एंड गेम्सने १९८७ मध्ये टेबलाभोवती बसून खेळायचा 'स्टार वॉर्स'चा भूमिकाखेळ काढला. खेळणाऱ्यांना तपशील लागतात, म्हणून सिनेमात क्षणभर दिसलेल्या प्राण्यांना, यानांना, ग्रहांना नावं आणि इतिहास देणारी संदर्भपुस्तकं त्यांनी तयार केली.

बँटम प्रकाशनातल्या लू अरोनिकाने लुकासफिल्मला पत्र लिहून या विश्वात नव्या कादंबऱ्या काढण्याची परवानगी मागितली. बऱ्याच काळाने होकार आला. काम सोपवलं टिमथी झानकडे. हा माणूस शिक्षणाने भौतिकशास्त्राचा, १९८४ मध्ये विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळवलेला. त्यालाही अटी होत्याच. सिनेमांच्या आधीच्या क्लोन युद्धांच्या काळाला हात लावायचा नाही, तो लुकासने स्वतःसाठी राखून ठेवला होता. ओबी-वान केनोबीचा वेडा क्लोन हा खलनायक म्हणून झानच्या मनात होता. तो नामंजूर झाला. वेस्ट एंडची संदर्भपुस्तकं त्याच्याकडे पाठवली गेली आणि त्यांना धरून लिहायला सांगितलं गेलं. त्याने आधी कुरकुर केली, मग त्यामुळे आपले बरेच कष्ट वाचले हे मान्यही केलं.

मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत रस वाटतो तो इथे. सिनेमांतले खलनायक तिसऱ्या भागात संपलेले: सम्राट मेलेला, डार्थ वेडर मेलेला. मग ल्यूकसमोर उभा करायचा कोण? झानने दुसरा वेडर घडवला नाही. त्याने उभा केला ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन, निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा एक सेनापती. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही, हाताखालच्यांचे गळे तो आवळत नाही. शत्रूची चित्रं आणि शिल्पं बघत बसतो आणि त्यावरून तो शत्रू लढाईत कुठे चुकेल हे ओळखतो. बुद्धीच्या जोरावर जिंकणारा खलनायक या मालिकेत तोवर नव्हता. सोबत मारा जेड आली, सम्राटाची एके काळची हेर, ल्यूकला ठार मारायला टपलेली. 'एअर टू द एम्पायर' १९९१ मध्ये आली आणि न्यू यॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. मेलेला समजला गेलेला धंदा उठून बसला. साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहाला झानने कोरुसांट हे नाव दिलं होतं. १९९९ च्या सिनेमात लुकासने तेच उचललं.

मग पूर आला. पूर म्हटलं की गाळ आलाच. कुठल्याही पुस्तकात डोकं चालेना की नवं महाअस्त्र काढायचं, अशी खोड लागली. केविन अँडरसनच्या १९९४ च्या कादंबऱ्यांत तर अख्खा तारा उडवणारं यान आहे आणि ते आकाराने लहानसंच. ल्यूक, लेया, हान यांना काही होणार नाही हे वाचकाला पक्कं ठाऊक असल्याने पाठलागांतली हवाच गेली. डेल रे प्रकाशनाकडे हक्क गेल्यावर १९९९ मध्ये आर. ए. साल्वातोरेच्या 'व्हेक्टर प्राइम'मध्ये हानचा साथीदार चुबाका याला मारण्यात आलं, ग्रहावर चंद्रच पाडून. वाचक इतके खवळले की साल्वातोरेला धमक्या आल्या. मला तो निर्णय योग्य वाटतो. निदान त्यानंतर भीती खरी झाली.

या पसाऱ्यात कुठलं खरं धरायचं? लुकासफिल्मने २००० पासून एक मोठी नोंदवहीच संगणकावर ठेवली आणि उतरंड लावली. वर सिनेमे, त्यांच्याखाली कादंबऱ्या. वरच्याने खालचं कधीही खोडावं. २०१२ मध्ये डिस्नीने ४ अब्ज डॉलरहून अधिक मोजून कंपनी घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं की यापुढे जुन्या कादंबऱ्या 'लेजंड्स' या शिक्क्याखाली विकल्या जातील आणि नवे सिनेमे त्यांना बांधील नसतील. आपल्याकडे भांडारकर संस्थेने महाभारतातले प्रक्षिप्त श्लोक वेगळे काढले, पण त्यामागे शेकडो हस्तलिखितांची छाननी होती. इथे एका निवेदनात तीन दशकांहून अधिक काळाचं साहित्य प्रक्षिप्त ठरलं. व्यवसाय म्हणून ते समजण्यासारखं होतं. नव्या प्रेक्षकाला तिकिटाआधी इतकी पुस्तकं वाचायला कोण सांगणार?

तरी लागेल ते घेतलंच गेलं. थ्रॉन २०१६ मध्ये 'रेबेल्स' या कार्टून मालिकेत परतला; २०१७ मध्ये झाननेच त्याच्यावर नवी कादंबरी लिहिली; २०२३ च्या 'अहसोका' मालिकेत त्याला हाडामांसाचा नट मिळाला. फॉस्टरचा मिम्बान २०१८ च्या 'सोलो' सिनेमात दिसला, चिखल आणि धुक्यासकट. आणि खुद्द फॉस्टर? २०२० मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संघटनेने जाहीर तक्रार केली की हक्क डिस्नीकडे गेल्यापासून त्याला त्याच्या पुस्तकांचं मानधन मिळालेलं नाही. पुढे ते प्रकरण मिटलं.

यातलं एकच पुस्तक वाचायचं असेल तर 'एअर टू द एम्पायर' घ्या. सुरुवातीचे तीन सिनेमे पाहिलेले असले की पुरे. नंतरचे पाहिले नसतील तर फारच उत्तम.