बिस्मथ, दाब आणि कुलाबा

मंडळी, वणीहून सप्तशृंगी गडावर गेलं की हवेचा दाब थोडा उतरतो. आपला दाबाशी संबंध येतो तो एवढाच. आज आपण बोलणार आहोत ते इथल्या हवेच्या २५ हजार पट दाबाबद्दल.

१९११ साली लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. ही अतिसंवाहकता. पुढे शिसं, कथील यांतही ती सापडली. बिस्मथ मात्र दाद देईना. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन फारच थोडे, लाखभर अणूंमागे साधारण एक!

मग दाबून बघितलं. दाबाखाली बिस्मथची स्फटिकरचना बदलते, हे हार्वर्डच्या ब्रिजमन यांनी आधीच दाखवलं होतं. १९५३ मध्ये चेस्टर आणि जोन्स यांना दाबलेला बिस्मथ साधारण ७ केल्विनला अतिसंवाहक झालेला दिसला. पण खरं विचाराल तर, तो मूळचा बिस्मथ राहिला कुठे? अणू तेच, मांडणी दुसरी.

हा प्रश्न २००८ नंतर पुन्हा उभा राहिला. बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रणात 'टोपॉलॉजिकल' गुण सापडला होता: आतून विद्युतरोधक, पृष्ठभागावर मात्र वाहक. अशा पदार्थात अतिसंवाहकताही आली, तर क्वांटम संगणकासाठी ते मोठं घबाड. बिस्मथ टेल्युराइड दाबून ती मिळालीही. पण दाब वाढत गेला की रचना पालटते, आणि ज्या पृष्ठभागासाठी एवढा खटाटोप केला तो तसाच राहिला की नाही, हे दर वेळी नव्याने तपासावं लागतं.

म्हणून आम्हाला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम मोलाचं वाटतं. एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाब दिलाच नाही. शुद्ध बिस्मथचा स्फटिक नुसता थंड करत नेला. ०.०००५३ केल्विनला तो अतिसंवाहक झाला. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा या अवस्थेला सोसत नाही, त्याचा नवव्या हिश्शाएवढा जोरही ती मोडायला पुरतो. तेव्हा तेही अडवावं लागलं, बरं का. डिसेंबर २०१६ मध्ये हे 'सायन्स'मध्ये आलं. १९५७चा बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांत इथे नीट लागू पडत नाही. इतक्या थोड्या इलेक्ट्रॉनांत जोड्या कशा जमतात, याचं उत्तर त्यात मिळत नाही.