स्मृतीची नेमणूक

माणसास पुरते ताब्यात घ्यावयाचे तर आधी त्याच्या स्मृतीवर हात टाकावा लागतो, हे ओळखणाऱ्या कादंबरीकारांची एक सलग परंपराच विसाव्या शतकात दाखविता येते. भविष्यातील एखाद्या अतिशिस्तबद्ध राज्याचे भयाण चित्र रंगविणे, ही या परंपरेची रीत होय. तिचा आरंभ रशियन लेखक येव्गेनी झाम्यातिन याजपासून धरावा. त्याची ‘आम्ही’ ही कादंबरी १९२०-२१ साली लिहून झाली आणि १९२४ साली न्यूयॉर्क येथे इंग्रजीत निघाली. लेखकाच्या मायदेशी ती छापली जाण्यास मात्र १९८८ साल उजाडावे लागले. तीतील नागरिकांस नावे नाहीत, क्रमांक आहेत. १९३२ साली ऑल्डस हक्सलेने ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये इतिहास कुचकामी ठरविणारे एक सुखासीन जग उभे केले.

पुढे १९४९ साली जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ आले. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. त्याचा नायक विन्स्टन स्मिथ हा दप्तरखान्यातील एक नोकर असून, जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर सत्तेच्या सोयीप्रमाणे बदलून ठेवणे हे त्याचे नित्याचे काम. कचेरीत ज्यांची वर्षे गेली त्यांस हे वर्णन अधिकच झोंबते, कारण विन्स्टनचे टेबल, त्याचे कागद आणि त्याची निमूट कार्यक्षमता आपल्या फार ओळखीची असते.

ही सारी पुस्तके प्रौढांसाठी होती. मुलांच्या वाङ्मयात हा विचार हळूहळू आला. मॅडलिन लेंगल यांच्या १९६२ सालच्या ‘अ रिंकल इन टाइम’मध्ये एका ग्रहावरील सर्व मुले एकाच तालात चेंडू आपटताना दिसतात. परंतु स्मृती आणि व्यक्तित्व यांचे नाते ज्या पुस्तकाचा केवळ प्रसंग नव्हे तर गाभाच आहे, ते पुस्तक म्हणजे अमेरिकन लेखिका लोइस लॉरी यांचे १९९३ सालचे ‘द गिव्हर’. १९९४ साली त्यास बालवाङ्मयातील मानाचे न्यूबरी पदक मिळाले. त्याच दशकात अमेरिकेतील ग्रंथालयांत ज्या पुस्तकांवर वारंवार आक्षेप घेतले गेले, त्यांतही त्याची गणना झाली.

या कादंबरीतील वस्तीत भूक नाही, युद्ध नाही, भांडण नाही. रंगही नाहीत. मुलांचे वाढदिवस वेगळे होत नाहीत. एका वर्षाची सारी मुले एका समारंभात एकदमच मोठी होतात, नवव्या वर्षी प्रत्येकास सायकल मिळते आणि बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांची समिती प्रत्येकाचे काम ठरवून देते. त्यानंतर वय मोजण्याचे कोणास कारणच उरत नाही. जोनास या बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्यास येते ती नेमणूक एकमेवाद्वितीय आहे. पूर्वीच्या सर्व पिढ्यांच्या स्मृती एकट्याने धारण करावयाच्या, ही ती नेमणूक!

लॉरी यांच्या कल्पनेचा खरा धारदारपणा आम्हांस येथेच जाणवतो. ऑर्वेलच्या राज्यात भूतकाळ खोडला जातो. येथे तो एका पदाकडे सोपवून बाकीचे निश्चिंत होतात. अडचण आली की समिती त्या वृद्ध स्मृतिधारकास बोलावते. एकदा जन्मसंख्या वाढविण्याची मागणी आली, तेव्हा त्यास उपासमारीची स्मृती झाली व त्याने नकाराचा सल्ला दिला. सल्ला मानला गेला. भूक म्हणजे काय, हे मात्र विचारणाऱ्यांस कळले नाही. यातना एकाने सोसावी आणि शहाणपणाचा लाभ सर्वांनी घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे.

तिची किंमत जोनासच्या हळूहळू ध्यानी येते. स्मृतीबरोबर त्यास रंग दिसू लागतात, बर्फ आणि ऊन कळते, माया म्हणजे काय ते उमगते. तो आईबापांस विचारतो, तुमची माझ्यावर माया आहे काय? हा शब्द अगदीच नेमका नाही, म्हणून ते त्याची भाषा सुधारतात. पुढे, ज्यास ‘मुक्तता’ म्हणतात ती म्हणजे मृत्यू, आणि आपला प्रेमळ बापच जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या अर्भकास शांतपणे सुई टोचून मारतो, हे तो पाहतो. बाप क्रूर नाही. मृत्यूची स्मृतीच नसल्यामुळे आपण काय करीत आहोत हे जाणण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

ही वस्ती लेखिकेस कोठे गवसली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. वडील सैन्यात दंतवैद्य असल्यामुळे १९४८ पासून काही काळ त्या तोक्योत होत्या. तेथील अमेरिकन वसाहतीस कुंपण होते आणि आत मायदेशासारखीच घरे, शाळा व चित्रपटगृह होते. ती अकरा-बारा वर्षांची मुलगी सायकलवरून फाटकाबाहेर पडे आणि शिबुयाच्या गजबजाटात शिरे. पुढे उतारवयात वडिलांची स्मृती क्षीण झाली. थोरली मुलगी हेलन तरुणपणीच वारली होती, हेही त्यांस आठवेनासे झाले. त्या विस्मृतीने वडिलांस दुःखापासून सोडविले खरे. परंतु मुलगीही त्यांजपासून हिरावून घेतली. दुःख आणि माणूस एकाच गाठीने बांधलेले असतात, हा कादंबरीचा आशय या घटनेत आम्हांस स्पष्ट दिसतो.

सरकारी वसाहतींत, मुलखापासून दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे व स्वतःही वाचावे. सारखी घरे, ठरलेली श्रेणी आणि आखलेला दिवस यांत सुख आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र घरातील आठवणी म्हाताऱ्या आजीकडे आणि समाजाच्या आठवणी अभिलेखागाराकडे सोपवून आपण मोकळे होऊ लागलो, तर स्मृतिधारकाची ती नेमणूक आपणही केलीच म्हणावयाची. जोनास कुंपणाबाहेर निघून जातो, तेव्हा त्याने धारण केलेल्या स्मृती वस्तीतील प्रत्येकाकडे परत जाऊ लागतात. त्या पेलणे लोकांस जड जाणार, हे तो जाणतो; आणि तरीही जातो.