हबशी गुलाम आणि वाङ्मय

ज्या माणसास विकावयाचें, त्याचें नांव आधीं काढून घ्यावें लागतें. मलिक अंबर, सिद्दी याकूत हीं नांवें आपण शाळेंतील इतिहासापासून वाचीत आलों. परंतु अंबर हें एक सुगंधी द्रव्य आणि याकूत म्हणजे माणिक, हें कितीकांच्या ध्यानांत येतें? व्यापाऱ्याच्या पेटींतील मोलवान जिनसांचीं नांवें विकत घेतलेल्या हबशी मुलांस देण्याचा तेव्हां प्रघात होता. मलिक अंबराचें मूळ नांव चापू असें सांगतात. इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मलेला हा मुलगा मोखा, बगदाद असे बाजार पाहून अखेर अहमदनगरास आला.

हा व्यापार आमच्या कोंकणास परका नव्हता. हातखंब्याच्या तिठ्यावरून दक्षिणेस जाणारा रस्ता गोव्यास पोंचतो. उत्तरेचा रस्ता जंजिऱ्याच्या त्या मुलखाजवळून जातो, ज्यास लोक हबसाणच म्हणत. गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं असलेल्या लिन्स्कोटेन ह्या डच गृहस्थानें १५९६ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत, तेथें भर रस्त्यांत गुलामांची विक्री गुरांप्रमाणें होत असल्याचें लिहिलें आहे. ह्या ग्रंथांत विकणारा आहे, घेणारा आहे, मालाची पारखही आहे. विकल्या जाणाऱ्याच्या मुखीं मात्र शब्द नाहीं.

पुढें तोच गुलाम निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, तेव्हां लेखणीनें काय केलें? जहांगीर बादशहानें आत्मवृत्तांत त्यास काळतोंड्या म्हणून हिणविलें, आणि अबुल हसन ह्या चित्रकारानें भाल्यावर खोंचलेल्या अंबराच्या मुंडक्यास बादशहा बाण मारीत आहे असें चित्र काढिलें. प्रत्यक्षांत तें मुंडकें मोंगलांच्या हातीं कधींच लागलें नाहीं. अंबर १६२६ सालीं वृद्धापकाळीं वारला. मग मोंगल इतिहासकार मुतमदखान यानेंच त्याच्या युद्धकौशल्याची व राज्यकारभाराची मुक्तकंठानें स्तुति केली. आमच्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारतां'तही भातवडीच्या लढाईच्या प्रसंगीं त्याच्या पराक्रमाचा गौरव आहे.

निंदा वाईट व स्तुति चांगली, असें सहज वाटेल. परंतु आमच्या मतें दोहोंतही एक उणीव सारखीच आहे. माणूस म्हणून गणला जाण्यासाठीं ज्यास सेनापति व्हावें लागतें, त्याच्या बरोबर विकले गेलेले इतर माणूस नव्हतेच, असें ही स्तुति नकळत कबूल करते. कर्तबगारी हें मनुष्यत्वाचें भाडें नव्हे.

ही कोंडी गुलामानें स्वतः लेखणी धरली तेव्हां फुटली. अमेरिकेंत फ्रेडरिक डग्लस यानें १८४५ सालीं आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत धनी वारल्यावर मालमत्तेच्या वांटणीसाठीं माणसें आणि घोडे, बायका आणि गुरें एकाच ओळींत उभीं करून त्यांची किंमत ठरविली, तो प्रसंग आहे. लिन्स्कोटेननें बाहेरून पाहिलेला बाजार येथें आंतून दिसतो. असल्या साक्षींनीं अमेरिकेंतील लोकमत हललें. यादवी युद्धानंतर १८६५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो दासांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या त्याच अमेरिकन लोकांस अर्पण केला. शूद्रातिशूद्रांचें दुःख सांगतांना समुद्रापलीकडील काळ्या दासास त्यांनीं सोयरा मानिलें, हा मराठी वाङ्मयाचा मोठा सन्मान होय.

तथापि एक ऋण उरतेंच. हिंदुस्थानांत गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गेली. पण आमच्याच किनाऱ्यावर उतरविलेला हबशी आमच्या बखरींत येतो तो बहुधा जंजिऱ्याचा शत्रु म्हणून. आईबापांपासून तुटलेलें, नवें नांव मिळालेलें मूल त्यांत दिसत नाहीं. शत्रूच्या शौर्यास मान देण्याइतकें औदार्य आमच्या वाङ्मयानें दाखविलें. आतां ज्याच्यापाशीं शौर्य, किल्ला वा पदवी यांपैकीं कांहींच नव्हतें, त्यासही माणूस म्हणून ओळखण्याची पाळी आहे.