गोधडी: दाभणापासून पायमशीनपर्यंत

जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केले की गोधडी होते. पश्चिम महाराष्ट्रात काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठीची छोटी गोधडी म्हणजे दुपटे. अहिल्यानगर जिल्ह्यात गोधडी हा शब्द देवस्थानापर्यंत पोहोचला आहे. कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज या नावाने ओळखले जाते.

याच जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव नगर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. अशा कोरडवाहू मुलखात कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले जाई. नऊवारी लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून दांड घालत. दांड घातलेलेही फाटले की ते गोधडीत जाई. वर-खाली त्यातल्या त्यात धड लुगडे आणि आत धोतरे, सदरे, चिंध्या अशी तिची रचना असे. 1972च्या दुष्काळानंतर हिवरे बाजारची अनेक कुटुंबे कामाच्या शोधात गाव सोडून गेली. ज्यांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचे, त्यांना खाली अंथरायला आणि वर पांघरायला चालणारी ही एकच वस्तू पुरे.

शेतीची कामे उरकली की उन्हाळ्यात गोधडी शिवायला घेत. सारवलेल्या जमिनीवर थर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, मोठे कच्चे टाके घालायचे आणि मग काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. थर जाड असतील तर सुईऐवजी दाभण लागे. शेजारणी मदतीला बसत, तरी एका गोधडीला कित्येक दुपारी लागत.

शिवणयंत्र मात्र वेगळ्या वाटेने आले. अमेरिकेत एलियास हाऊने 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतले. वरचा धागा सुईतून, खालचा धोट्यातून आणि दोन्हींची गाठ कापडाच्या आत, हे त्यांच्या टाक्याचे तत्त्व. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात सिंगर कंपनीने भारतात जम बसवला. त्या कारभाराची धुरा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होती. हप्त्याने होणाऱ्या विक्रीमुळे मशीन आधी शिंप्याच्या दुकानात आणि नंतर घरात आले. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या मशीनचा अपवाद केला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, 1909 पासून, स्त्रियांना स्वावलंबी करणाऱ्या शिक्षणात शिवणकामाला स्थान दिले. 1930च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ‘उषा’ तयार होऊ लागली आणि देशी मशीन मिळू लागले.

झबली, परकर, चोळ्या मशीनवर गेल्या. गोधडी मात्र हातावरच राहिली. त्याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. टाक्यागणिक कापड पुढे सरकवणारे दाते फक्त खालच्या थराला धरतात. वरचा थर दाबाच्या पायाखाली अडून मागे राहतो, थर सरकतात आणि चुण्या पडतात. शिवाय सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामधल्या अरुंद जागेत गुंडाळलेली मोठी गोधडी मावत नाही. सुती लुगड्यांऐवजी गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्यावर थर आणखी निसटू लागले.

म्हणून घरच्या शिवणासाठी आणि गोधडीसाठी एकच मशीन घ्यायचे, तर पाहण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ओतीव लोखंडाचे, सरळ टाक्याचे पायमशीन जाड थरांवर डगमगत नाही, दोन्ही हात कापड आवरायला मोकळे ठेवते आणि वीज गेली तरी चालते. दाबाच्या पायाचा दाब कमी-जास्त करता यावा, टाका लांब घालता यावा आणि 16 किंवा 18 नंबरची सुई चालावी. वरचा आणि खालचा थर बरोबरीने ओढणारा खास पाय बसत असेल, तर चुण्यांचा प्रश्न बराच सुटतो. बारीक फुलांची नक्षी काढणारी हलकी मशीने कपड्यांना ठीक; थरांच्या ओझ्याला त्यांची मोटर पुरत नाही.

हिवरे बाजार 1994 मध्ये आदर्श गाव योजनेत आले. पाणलोटाच्या कामांनी पाणी टिकले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. बिऱ्हाड स्थिरावले की वजनदार पायमशीनला घरात कायमची जागा करता येते. त्यावर ठिगळे जोडून वरचा थर करायचा, कडेची पट्टी पक्की करायची आणि मधला धावदोरा हाताने घालायचा, ही वाटणी गोधडीला सर्वांत मानवते.