वापरलेल्या सॉफ्टवेअरची पुनर्विक्री : मालकी की परवाना?

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याकडून तुम्ही जुने पाठ्यपुस्तक अर्ध्या किमतीत घेता, तेव्हा प्रकाशकाची परवानगी घेत नाही. मग त्याच्याकडची सॉफ्टवेअरची सीडी घेताना परवान्याचा प्रश्न का उभा राहतो? या पाठात आपण त्याचा इतिहास पाहू.

सुरुवात पुस्तकापासूनच होते. बॉब्स-मेरिल या अमेरिकन प्रकाशकाने एका कादंबरीत सूचना छापली, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ती विकल्यास कॉपीराइटचा भंग मानला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दुकानाच्या बाजूने दिला. प्रत एकदा विकली, की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. यालाच प्रथम विक्रीचे तत्त्व म्हणतात.

सॉफ्टवेअर सुरुवातीला यंत्राबरोबरच मिळे. १९६९ मध्ये आयबीएमने त्याची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर स्वतंत्र माल बनू लागले. पण पुस्तक वाचताना नवी प्रत तयार होत नाही. प्रोग्राम मात्र डिस्कवर आणि मेमरीत उतरवल्याशिवाय चालत नाही. सीडी विकूनही विक्रेत्याच्या संगणकावर प्रोग्राम राहू शकतो. म्हणून कंपन्यांनी करारात लिहायला सुरुवात केली : आम्ही प्रत विकत नाही, वापराचा परवाना देतो.

हा दावा 'वर्नर विरुद्ध ऑटोडेस्क' खटल्यात कसाला लागला. वर्नर यांनी एका वास्तुरचना संस्थेकडून ऑटोकॅडच्या जुन्या प्रती घेऊन ईबेवर विकायला काढल्या. त्या संस्थेने नवी आवृत्ती सवलतीत घेतली होती आणि करारानुसार जुन्या प्रती नष्ट करणे तिला बंधनकारक होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवले, की ती संस्था प्रतींची मालक नसून केवळ परवानाधारक होती. जे तिचे नव्हते, ते ती वर्नर यांना विकू शकत नव्हती.

दोनच वर्षांनी युरोपात उलट निकाल लागला. 'यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल' प्रकरणात ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालय म्हणाले, की पूर्ण किंमत घेऊन बेमुदत परवाना दिला असेल, तर ती विक्रीच होय; मग प्रत इंटरनेटवरून उतरवलेली का असेना. मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे, आणि अनेक वापरकर्त्यांचा एक परवाना तोडून उरलेला भाग विकता येणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९४ च्या दुरुस्तीनुसार प्रोग्रामची प्रत आधी विकली गेली असली, तरी पुढच्या विक्रीचा हक्क कॉपीराइटधारकाकडेच राही. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द वगळले गेले. २०२१ मध्ये 'इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस' या कर-प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या बदलाची दखल घेतली.

तेव्हा जुने सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा : परवाना बेमुदत आहे का, हस्तांतराबद्दल करार काय म्हणतो, आणि विक्रेत्याने आपली प्रत काढून टाकली आहे का. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना प्रत पुढे देण्याची मुभा स्वतःच देतो. मासिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मुदत संपली की हातात काहीच उरत नाही. ज्याची पहिली विक्रीच झाली नाही, त्याची दुसरी कशी होणार?