एकदा कापलेला छाप

धान्याच्या पोत्यांवर नाव आणि नंबर टाकायचे असले, की कोणी दरवेळी हाताने अक्षरे काढत बसत नाही. पत्र्यात अक्षरे एकदा कापून घेतलेली असतात. पत्रा पोत्यावर ठेवला, रंगाचा ब्रश फिरवला, की काम झाले. रांगोळीचे छापही याच तत्त्वावर चालतात. कष्ट आहेत ते छाप कापण्यात. तो एकदा तयार झाला, की शेकडो वेळा वापरता येतो. छापात एकाच गोष्टीची नोंद असते : रंग कुठे जावा आणि कुठे जाऊ नये. रंग कोणता, याच्याशी छापाला कर्तव्य नसते.

संगणकावर छायाचित्रे हाताळण्याच्या प्रोग्रॅममध्ये चित्राचा हवा तेवढा भाग निवडता येतो, ती निवड साठवता येते आणि पुढे दुसऱ्या चित्रावर लावता येते. वरवर पाहता ही पत्र्याच्या छापाचीच नक्कल. पण या साध्या सोयीपर्यंत पोचायला छायाचित्रकलेला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तो प्रवास आपण पाहू या. साठवलेली निवड नेमकी कशाची असते, वस्तूची की जागेची, हा प्रश्न त्यात दडलेला आहे; आणि चित्रांवरून मोजमाप करणाऱ्यांना तो टाळता येत नाही.

काळी मखमल

१८५७ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एक मोठे कलाप्रदर्शन भरले होते. त्यात ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराचे ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाच्या शीर्षकाचे एक चित्र मांडले होते. हे एकच चित्र सुमारे तीस वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून तयार केलेले होते. एवढा मोठा देखावा एका दमात टिपणे त्या काळच्या साधनांना अवघड होते. म्हणून रेलँडरने पात्रांचे छोटे गट वेगवेगळे टिपले. नंतर प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदावर एकेक निगेटिव्ह ठेवून तो उन्हात धरायचा. ज्या भागावर त्या वेळी छपाई व्हायला नको, तो काळ्या मखमलीने झाकायचा. मग पुढची निगेटिव्ह, पुढचे झाकण. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून असेच एक चित्र सिद्ध केले.

येथे निवड होती, पण ती साठत नव्हती. मखमल उचलली की निवड संपली. तशीच दुसरी प्रत काढायची, तर सगळी कसरत पुन्हा पहिल्यापासून! झाकण्याची रेघ छायाचित्रकाराच्या हातात आणि नजरेत होती. ती वेगळी काढून ठेवता येईल अशी वस्तू झालेली नव्हती.

सेकंदाला चोवीस झाकणे

चित्रपट आला आणि हा प्रश्न अधिकच बिकट झाला. पडद्यावर दर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. धावणाऱ्या माणसाच्या मागे वेगळे दृश्य बसवायचे, तर दहा सेकंदांसाठी २४० झाकणे हवीत आणि प्रत्येकाचा आकार निराळा. हाताने हे कोण आणि कसे करणार?

यावरची युक्ती म्हणजे झाकण कापायचेच नाही, ते चित्रातूनच काढून घ्यायचे. अमेरिकेतील फ्रँक विल्यम्स याला १९१८ मध्ये अशा पद्धतीचे पेटंट मिळाले. नटाला एकसारख्या पार्श्वभूमीसमोर उभे करून चित्रण करायचे आणि त्याची प्रत अशा फिल्मवर काढायची, की मधल्या छटा नाहीशा होऊन फक्त गडद काळे आणि स्वच्छ पारदर्शक असे दोनच भाग उरतील. नटाची काळी आकृती उमटलेली ही फिल्म म्हणजेच झाकण. तिची उलटी प्रत म्हणजे दुसरे झाकण. एकाने पार्श्वभूमीत नटापुरती जागा कोरी ठेवायची, दुसऱ्याने त्या जागेत नट छापायचा. १९३३ च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या चित्रपटात नटाला काळ्या मखमलीत नखशिखान्त गुंडाळून, वर नेहमीचे कपडे घालून, काळ्या मखमलीसमोरच उभे केले होते. त्यामुळे पडद्यावर नुसतेच कपडे चालताना दिसले. रेलँडरची मखमल येथे वेगळ्या कामाला आली.

या टप्प्यावर एक महत्त्वाची गोष्ट घडली. निवड हीच आता एक चित्र झाली. ती डब्यात ठेवता येत होती आणि पुन्हा पुन्हा वापरता येत होती. मात्र तिच्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच होते. केसांच्या बटा, धूर, काचेचा पेला यांच्या कडा अर्ध्यामुर्ध्या असतात. तेथे हे झाकण उघडे पडे आणि माणसाभोवती काळी किनार दिसे.

ही किनार घालवण्याचे अनेक प्रयत्न झाले. विज्ञानशिक्षकांना रस वाटेल असा एक प्रयोग १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ या चित्रपटात आहे. पेट्रो व्लाहोस या अभियंत्याने विकसित केलेल्या पद्धतीत मागचा पडदा सोडियमच्या दिव्यांनी उजळलेला असे. हा पिवळा प्रकाश तरंगलांबीच्या अगदी अरुंद पट्ट्यात, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. मिठाचा कण ज्योतीत टाकल्यावर दिसतो तोच हा पिवळा रंग! कॅमेऱ्यातील प्रिझम हा प्रकाश वेगळा काढून एका फिल्मवर पाठवी आणि बाकीचा दुसऱ्या फिल्मवर. म्हणजे चित्र आणि त्याचे झाकण एकाच क्षणी, जोडीने टिपले जात.

चौथा आकडा

संगणकाच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलसाठी, म्हणजे चित्रबिंदूसाठी, तीन आकडे साठवलेले असतात : तांबडा, हिरवा आणि निळा. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ काम करत होते. कॅटमल संगणकाने वस्तूंची चित्रे रेखाटण्याची नवी रीत तपासत होते आणि तीच वस्तू त्यांना वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर पाहायची होती. पार्श्वभूमी बदलली की संगणकाने सगळे चित्र पुन्हा रेखाटायचे, हा वेळेचा मोठाच अपव्यय होता. यावर उपाय निघाला तो चौथ्या आकड्याचा. प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांबरोबर तो किती अपारदर्शक आहे हेही साठवायचे. या आकड्याला स्मिथ यांनी ‘अल्फा’ हे नाव दिले. दोन रंगांचे मिश्रण करण्याच्या सूत्रात हेच ग्रीक अक्षर वापरले जात असे.

सूत्र सोपे आहे. समजा एका पिक्सेलवर अल्फा ०.२५ आहे, पुढच्या वस्तूचा उजळपणा २०० आणि मागच्या दृश्याचा १००. तर मिश्रण = ०.२५ × २०० + ०.७५ × १०० = १२५. अल्फा १ असेल तर फक्त वस्तू दिसेल, ० असेल तर फक्त पार्श्वभूमी. मधल्या सगळ्या छटांना आता जागा मिळाली आणि केसांचा व धुराचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला.

ही चैन तेव्हा स्वस्त नव्हती. ५१२ × ५१२ पिक्सेलच्या चित्रात २ लाख ६२ हजार १४४ पिक्सेल असतात. नुसते ‘आहे-नाही’ साठवायला ३२ किलोबाइट पुरतात; ० ते २५५ अशा छटा ठेवायच्या तर आठपट, म्हणजे २५६ किलोबाइट लागतात. पण वस्तू एकदाच रेखाटून कितीही पार्श्वभूमींवर बसवता येऊ लागली. पुढे १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा चित्रांच्या बेरजा-वजाबाक्यांचे व्यवस्थित गणितच मांडले. या चौघांना १९९६ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने तांत्रिक कामगिरीबद्दल गौरवले.

फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीचा फोटोशॉप हा प्रोग्रॅम बाजारात आला. त्याची सुरुवात टॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये केली होती. चित्रपटांतील दृश्य-करामतींच्या व्यवसायात असलेला त्याचा भाऊ जॉन नंतर त्यात सामील झाला. साठवलेली निवड या प्रोग्रॅममध्ये ‘अल्फा चॅनल’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्यात पांढरे म्हणजे निवडलेले, काळे म्हणजे वगळलेले, करडे म्हणजे अंशतः निवडलेले. ती दुसऱ्या उघडलेल्या चित्रावरही लावता येते. अट एकच, दोन्ही चित्रांची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये तंतोतंत सारखी हवी.

जागा की वस्तू?

या अटीतच सगळे मर्म आहे. निवड म्हणजे आकड्यांचा तक्ता. अमुक ओळीत, अमुक स्तंभात इतके, एवढेच त्याला माहीत. त्या ठिकाणी तळे आहे की मैदान, हे त्याला कळत नाही. पत्र्याच्या छापाप्रमाणेच साठवलेली निवड जागा लक्षात ठेवते, वस्तू नव्हे.

आमच्यासारख्या, चित्रांवरून मोजमाप करणाऱ्यांना हा गुण वरदान वाटतो आणि फसवूही शकतो. समजा, एक चौरस तळे १०० मीटर लांब-रुंद आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या ठळक रंगपट्ट्यांत एक पिक्सेल १० मीटरचा असतो. म्हणजे तळ्याचे १० × १० = १०० पिक्सेल. पहिल्या चित्रातील तळ्याची निवड पुढच्या वर्षीच्या चित्रावर लावली आणि चित्र एकाच पिक्सेलने बाजूला सरकलेले असले, तर पाण्याचे १० पिक्सेल सुटतात आणि काठावरच्या मातीचे १० आत येतात. मोजमापाचा दहावा हिस्सा पाण्याचा नसून मातीचा! आकडा मात्र नेहमीसारखाच नेटका छापून येतो. म्हणून आधी चित्रे एकमेकांवर बसवायची, मगच निवड उसनी घ्यायची.

चित्रे नीट बसली तरी तळे आटले असेल तर? तेव्हा जुनी निवड ‘या जागेवर आता काय आहे’ याचे उत्तर प्रामाणिकपणे देते. ‘पाणी आता कुठे आहे’ याचे उत्तर तिच्याकडे नसते. त्यासाठी निवड नव्याने करायला हवी. २०१८ पासून फोटोशॉपमध्ये चित्रातील मुख्य वस्तू आपोआप शोधून निवडण्याची सोय आहे. पण तो छापाचा पुनर्वापर नव्हे. प्रत्येक चित्रासाठी नवा छाप कापणे आहे. दोन्ही साधने उपयोगी आहेत. आपण कोणता प्रश्न विचारत आहोत, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

वर्गात हे चौकटीच्या कागदावर सहज दाखवता येईल. एका कागदावर १०० चौकटींचे तळे रंगवून त्याच्या मापाची खिडकी दुसऱ्या कागदात कापावी. खिडकी एक चौकट सरकवून मुलांना आतली माती मोजायला सांगावी. मग तिरपी, म्हणजे एक चौकट उजवीकडे आणि एक खाली, सरकवावी. आता किती चौकटी चुकल्या? अनेक मुले चटकन वीस म्हणतील. उत्तर एकोणीस आहे. का, ते त्यांनाच शोधू द्यावे.